पुढं केलेला पाय

श्रावणात या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "पहिलवान, तुमच्या गाजलेल्या कुस्त्यांवर लिहा." मी हो म्हणून बसलो. लिहायला घेतलं, तर जिंकलेल्या कुस्त्यांतला फेटा, गुलाल आणि लोकांच्या खांद्यावरून दिसणारी जत्रा एवढंच आठवायला लागलं. समोरचा गडी कोण होता, कुठल्या डावावर पडला, काही धड सांगता येईना. पक्की आठवण आहे ती एका मोसमाच्या सुरुवातीची. ती आठवली की या वयातही, घरात एकटा असलो तरी, माझी मान खाली जाते. तेव्हा तीच लिहितो. संपादकांनी रागावू नये.

आमच्या धंद्याची माहिती नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. हो, मी धंदाच म्हणतो. कुणी कुस्तीला कला म्हणतं, कुणी भक्ती म्हणतं. आम्ही तिच्यावर पोट भरायचो. दिवाळी झाली, खळी उरकायला लागली की परभणी जिल्ह्यात गावोगावच्या जत्रा आणि उरूस सुरू होतात, ते पार वैशाखापर्यंत. जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. सकाळी गावची कमिटी पारावर बसते. पहिलवान सदरा काढून समोर उभे राहतात. बैलबाजारात जनावर बघावं तसं म्हातारी माणसं मान, खांदे, मांड्या बघतात, मागल्या जत्रेत कुणाला पाडलं ते विचारतात आणि तोलाच्या दोघांची जोड लावतात. दुपारी हलगी कडाडली की आधी पोरांच्या कुस्त्या, नारळावर नाहीतर रेवड्यांवर. मग ऊन कलेल तशा कुस्त्या मोठ्या होत जातात आणि शेवटी मानाची. तेव्हा गुण नव्हते, घड्याळ नव्हतं. दोन्ही खांदे मातीला टेकले की संपलं.

या मोसमाचे पहिले दोन-तीन आठवडे फार वाईट. तेवढ्यातच पहिलवानाचं त्या वर्षीचं नाव ठरायचं. सुरुवातीला पडलात, तर पुढच्या गावची कमिटी तुम्हाला दोन पायऱ्या खाली उतरवायची, आणि खाली उतरलेला गडी त्या वर्षी पुन्हा वर चढलेला मी क्वचितच पाहिला. मोबाईल नव्हते, तरी ST च्या टपावर बसून आल्यासारखी बातमी माझ्या आधी त्या गावात पोचलेली असायची.

आमचं गाव सेलू तालुक्यात, वालूरच्या अलीकडं. मी कोल्हापूरच्या तालमीत काही वर्षं काढली ती सगळी गावाच्या जिवावर. बाप लवकर गेला होता, आईच्या वाट्याला कोरडवाहू तुकडा. दत्तूअण्णा म्हणून आमच्या गावचे एक गृहस्थ होते. तरुणपणी स्वतः लंगोट लावलेले, पुढं गुडघा निखळला म्हणून कुस्ती सुटलेले. ते घरोघर फिरून माझ्या खुराकासाठी तूप, बदाम, गहू गोळा करायचे आणि कोल्हापूरच्या गाडीला बांधून द्यायचे. ज्या घरात नातवंडांच्या भाकरीवर तुपाचा थेंब पडत नव्हता, त्या घरानं माझ्यासाठी लोणी कढवलेलं मला ठाऊक होतं. त्या वर्षी मी तालीम सोडून कायमचा गावी आलो. अंग असं झालेलं, की बायाबापड्या दारात येऊन बघायच्या. आपलं तूप कुठं गेलं ते त्यांना दिसत होतं.

मोसमातला माझा पहिला फड बोरीकडं होता. अख्खं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आलेलं. जाताना गाणी, शिट्ट्या, दत्तूअण्णांच्या डोक्याला नवा पटका. माझी कुस्ती वरून दुसरी लागलेली, पण नांदेडकडचा माझा जोडीदार आलाच नाही. पंचांनी भोंग्यावरून विचारलं, "कुणी हाय का ह्या पहिलवानासंगं हात मिळवायला?"

गर्दीतून एक काळासावळा गडी पुढं आला. गंगाखेडकडचा होता. ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा ट्रक जत्रेत थांबला होता, त्यातून उतरून तो कुस्त्या बघायला आलेला. त्याच्याकडं लंगोटसुद्धा नव्हता, कुणाचा तरी मागून घेतला.

दत्तूअण्णा माझ्या कानाशी आले. "नको रे रंगनाथ. असल्यासंगं धरून आपली आब जाती."

"राहू द्या अण्णा," मी म्हणालो. "तेवढाच हात मोकळा हुईल."

सलामी झाली. मी माती उचलून त्याच्या अंगावर टाकली, त्यानं माझ्या. मनगट धरलं आणि मला कळलं की हे मनगट तालमीतलं नाही. वर्षानुवर्षं कोयता चालवलेलं ते मनगट, त्याला वळवायला जागाच नव्हती. मी मान दाबायला गेलो, तसा तो एकदम खाली बसला आणि माझे दोन्ही पाय उसाच्या मोळीसारखे कवळ्यात घेऊन उभा राहिला. पुढं मला आभाळच दिसलं. हलगीवाल्याचा हात अजून नीट बसला नव्हता, तोवर कुस्ती निकाली.

तो गडी माझ्याकडं बघत उभा राहिला. मग वाकून माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "कसं झालं मलाच कळंना बगा, पहिलवान. माफी करा." तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजायला लागला. त्यानं लंगोटावरच धोतर गुंडाळलं, लंगोट ज्याचा त्याला द्यायचं विसरून पळाला. त्याचं नावसुद्धा मला आजवर कळलेलं नाही.

परतताना ट्रॉलीत दत्तूअण्णा म्हणाले, "माती वली होती." माती कोरडीठाक होती, ते ट्रॉलीतल्या प्रत्येकाला दिसलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली. हरल्यापेक्षा त्या डोलावण्यानं मला जास्त लाज वाटली.

दुसरा फड गंगाखेडच्या बाजूला, गोदावरीच्या काठी. जोड तोलाची होती, पण मी आता वेगळाच माणूस झालो होतो. समोरच्यानं हात टाकला की मी मागं. त्यानं मान दिली की मी मागं. तालमीत ज्या डावांवर मी पोरांना झोपेत पाडायचो, ते डाव हातापर्यंत यायचे आणि तिथंच थांबायचे. डोक्यात एकच, पुन्हा आभाळ दिसायला नको. समोरचाही जपून होता. आम्ही एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, दोन पाहुणे निरोप घेतात तसे, गोल गोल फिरत राहिलो.

शेवटी पंच कंटाळले. भोंग्यावरूनच म्हणाले, "पहिलवान, कुस्ती करायलाव का सोयरिक जुळवायलाव?"

फड हसला. मग कुणीतरी वाळूची मूठ फेकली, तशा चहूबाजूंनी मुठी यायला लागल्या. आम्हाला हाताला धरून आखाड्याबाहेर काढलं. निकाल नाही, बरोबरीसुद्धा नाही. कुस्ती न करणारे म्हणून बाहेर काढलं. पहिलवानाला याच्याहून मोठी शिवी नाही. मी लंगोटावरच नदीत उतरलो आणि मानेवरची वाळू धूत बराच वेळ पाण्यात बसून राहिलो.

घरी आई रोज दुधाचा तांब्या भरून पुढं ठेवायची. ते दूध आमच्या म्हशीचं नसायचं, आमच्याकडं म्हैसच नव्हती. कुणाकडून आलं ते मी विचारायचो नाही. भिंतीकडं तोंड करून पिऊन टाकायचो. एकदा म्हणालो, "आई, आता दूध नगं सांगत जा लोकांना."

ती म्हणाली, "म्या न्हाई मागत. ते पाठवायलेत." आणि चुलीकडं वळली.

तिसरा फड वालूरच्या बाजूला, आमच्या गावापासून पायी जाण्यासारखा. त्यामुळं या वेळी बायकाही आल्या होत्या. माझी जोड लागली मस्तान पहिलवानांशी.

मस्तानभाई परभणीचे. मी शाळेत होतो तेव्हा जिल्ह्यात त्यांच्या नावानं फड भरायचे. आता पन्नाशी जवळ आलेली, दाढीला मेंदी, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. परभणीत टांगा हाकायचे आणि मोसमात एखाद-दुसरी कुस्ती धरायचे. जोड ऐकून मला बरं वाटलं नाही. बापाच्या वयाच्या माणसाशी लावण्याइतका मी उतरलो होतो. पण मनाच्या एका कोपऱ्यात सुटल्यासारखंही झालं. याला तर पाडीन.

कुस्ती लागली आणि मला काहीतरी वेगळं वाटायला लागलं. मस्तानभाई डावा पाय सारखा पुढं करत होते. वाचकांसाठी सांगतो, आमच्यात पुढं आलेला पाय म्हणजे ताटात वाढलेला घास. वाकायचं, तो ओढायचा, गडी मागं पडतो. याला पट काढणं म्हणतात. पण जाणता पहिलवान पाय मुद्दाम पुढं करतो. तुम्ही वाकलात की वरून मान दाबून पाठीवर बसतो. मस्तानभाईंएवढा जाणता माणूस कच्च्या पोरासारखा पाय का पुढं करील? मी म्हटलं, हा फसवायलाय. पाय सोडला.

त्यांनी पुन्हा पाय पुढं केला. मी पुन्हा सोडला. मग त्यांनी बगल उघडी टाकली. मी घेतली नाही. पाठ वळवली. मी दोन पावलं मागं सरकलो. ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते, की मला वाटलं हा माणूस माझी थट्टा करतोय. त्यांचा श्वास फुलला होता, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. एकदा ते माझ्या मानेवर झुकले आणि पुटपुटले, "ले ना रे." मला वाटलं, डिवचतात. मी आणखी चिडलो आणि आणखी घाबरलो.

शेवटी ते थकून अंगावरच आले. मी दचकून मागं रेलायला गेलो, भार टाचांवर गेला, आणि त्याच वेळी त्यांच्या हातापायांनी काम केलं. माझा दंड काखेत आवळला गेला, कंबर आत शिरली, पाय पायात अडकला. ढाक. अशी साफ ढाक, की पडता पडताही माझ्या मनात आलं, वा! आणि खांदे मातीला लागले.

फडातून आरोळी उठली. मी उठून बघितलं, तर मस्तानभाई हात वर करायच्या ऐवजी डोकं धरून उभे होते. त्यांनी आमच्या गावकऱ्यांकडं बघितलं. दत्तूअण्णांनी पटक्याचं टोक तोंडावर घेतलं होतं. मला वाटलं, माझ्यामुळं.

चार-पाच दिवसांनी दुपारचा मी गावच्या तालमीत माती खणत होतो. आता फडाला जायचं नाही असं ठरवलं होतं, पण हाताला काहीतरी काम हवं म्हणून. बाहेर पारावर दत्तूअण्णा आणि आणखी काही जण बसलेले. ST येऊन गेली आणि थोड्या वेळानं मस्तानभाईंचा आवाज आला. मी दारात येऊन बघितलं. ते पाराखाली उभे होते. टोपी काढून हातात घेतलेली, पायाशी तुपाचा डबा.

"अण्णा," ते म्हणाले, "मेरेकू माफ करो. गलती झाली."

दत्तूअण्णा गडबडीनं उठले. "अहो मस्तानभाई, बसा की. पाणी आणा रे." आणि त्यांनी माझ्याकडं एक नजर टाकली. ती नजर बघून मला कळलं, की मी इथं असायला नको होतो.

मस्तानभाईंना ते कळलं नाही. ते बोलतच राहिले. "तुमी लोक घरी आले. बोलले, लेकरू खचलंय, मस्तानभाई, एक कुस्ती त्याला द्या. म्या जबान दिली. पाय दिला, बगल दिली, पाठ दिली. अल्ला जानता है. पन ह्ये घेईना! मग माझा दम तुटला आन् हात आपोआप फिरले. इतक्या सालांची आदत हाय, अण्णा, हात माझं ऐकले न्हाई." त्यांनी डबा पुढं सरकवला. "तुमचं तूप. थोडं खाल्लं गेलं. सून बाळंत होती. बाकीचं आणलं."

पारावरचा एकही माणूस वर बघत नव्हता. प्रत्येकाला एकाएकी आपल्या पायाच्या अंगठ्यात काहीतरी दिसायला लागलं होतं.

मी पुढं आलो. अंगाला माती, हातात कुदळ तशीच. म्हणालो, "अण्णा, म्हंजे गावाला ठाऊक होतं, मी जिंकत न्हाई म्हणून."

दत्तूअण्णा म्हणाले, "तसं न्हाई रे लेकरा. एकदा पाठीवर गुलाल पडला आसता, तर तुजं तूच उभा राहिला आसतास."

मी रागवायला हवं होतं. आजकालची पोरं विचारतात, "वस्ताद, तुमाला राग नाही आला?" खरं सांगायचं तर राग यायला जागाच उरली नव्हती. या माणसांनी मला पोसलं, मी पडलो तर मातीला दोष दिला, आणि शेवटी परभणीला जाऊन एका नामांकित पहिलवानापुढं हात जोडले, की आमच्या पोरापुढं पडा. आणि त्या पहिलवानानं ताटात वाढून दिलेलं मला उचलता आलं नाही.

मस्तानभाई माझ्याकडं वळले. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "बेटा, पाय का न्हाई धरला?"

"मला वाटलं, फसवायलाव."

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. टोपी तोंडावर धरून तसेच पारावर बसले.

त्यांना पोचवायला मी फाट्यापर्यंत गेलो. तूप दत्तूअण्णांनी परत घेतलंच नाही. तो डबा मी खांद्यावर घेतला होता. गुडघ्यामुळं त्यांना मधूनमधून थांबावं लागायचं. फाट्यावरच्या लिंबाखाली बसल्यावर ते म्हणाले, "आता मला कुणी हरायलाबी बोलवणार न्हाई."

मी तुपाचा डबा सावलीत सरकवला.

मग इकडंतिकडं बघून, कुणी ऐकत नाही अशी खात्री करून, ते हळूच म्हणाले, "सच्ची बात बोलूं? नाराज नक्को होना. तुजी पाठ लागली ना, तवा लय बरं वाटलं रे. कितीतरी सालांनी कुणाला ढाक बसली माझी. घरी गेलो, बीबीला सांगितलं, जीतके आया. ती रडली खुशीनं. जबान मोडून आलो, आन् दिल में लड्डू फुटायलेत. रातभर शरम आली. पन बरं वाटायचं राहीना."

त्यांनी माझा हात धरला. मला त्या मोसमात पहिल्यांदा वाटलं, की लाजेनं मरायला मी एकटाच नाही. गाडी आली. मी डबा वर चढवला. खिडकीतून त्यांनी हात हलवला, तो चोरट्यासारखा, जेमतेम बोटं हलवत.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी फड सोडले नाहीत. घरी बसलो असतो तर आईनं पुढं ठेवलेला तो तांब्या बघणं आणखी जड गेलं असतं. त्या वर्षी मी जिथं जाईन तिथं कमिटीला सांगायचो, मला सुरुवातीलाच घ्या, पोरं संपली की लगेच. मानाच्या कुस्त्या करायला तयार झालेलं अंग घेऊन मी उन्हाच्या तडाख्यात, अर्ध्या रिकाम्या फडात, नवख्या गड्यांशी धरायचो. लोक हसायचे. गावातलं कुणी यायचं नाही. मीच नका येऊ म्हणून हात जोडले होते. पहिली कुस्ती जिंकलो तेव्हा खांद्यावर घ्यायला कुणी नव्हतं. गुलाल टाकणारासुद्धा मागच्या कुस्तीच्या मिरवणुकीत गेलेला. घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय झालं?" जिंकलो असं सांगायला माझी जीभ रेटेना. म्हणालो, "झाली कुस्ती." हात हळूहळू सुटे झाले. पुढच्या वर्षी पायरी चढलो, नंतर बरीच वर्षं वरच्या कुस्त्या केल्या, चार लोक ओळखायला लागले, त्यातूनच संपादकांना माझा नंबर सापडला. दत्तूअण्णांनी ते सगळं पाहिलं. पण त्या तीन फडांबद्दल ते आणि मी शेवटपर्यंत एक अक्षर बोललो नाही.

मस्तानभाईंची ती शेवटची कुस्ती ठरली. गुडघ्यांनी नंतर साथ दिली नाही. माझं परभणीला जाणंयेणं असायचं, गाडीतून उतरलो की टांग्यांच्या अड्ड्यावर डोकावायचो. मला बघितलं की ते तिथल्या सगळ्यांना गोळा करायचे. कुणीतरी विचारायचंच, "मस्तानभाई, आखरी कुस्ती किसके साथ हुई?"

मग ते उठून उभे राहायचे, माझ्या पाठीवर थाप मारायचे. "येच तो. लय तगडा गडी. बराबर की टक्कर हुई. शेवटपर्यंत मेरेकू पायाला हात लावू दिला न्हाई, आन् मी ह्याला. किस्मत मेरी, इसका पाँव फिसला." आणि माझ्याकडं बघून विचारायचे, "खरं का न्हाई, पहिलवान?"

अड्ड्यावरची सगळी माणसं माझ्याकडं कौतुकानं बघत असायची. मी जमिनीकडं बघत मान हलवायचो.

"खरं हाय," म्हणायचो.